वखारीच्या आक्कांचे पत्र

वखारीच्या आक्का कादंबरीतला गुन्हेगार तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच हुडकून काढत, आणि तोही स्वयंपाकघरातून. आमच्या निपाणीच्या वाचनालयात रहस्यकथा वाचणारे पुष्कळ होते. वकील होते, आम्ही शाळामास्तर होतो, तंबाखूच्या पेढ्यांवरचे कारकून होते. आम्ही सगळे पावलांचे ठसे, अर्धवट जळालेले कागद, बदललेली कुलपे यांवर लक्ष ठेवून शेवटी हमखास फसत असू. आक्का एवढेच बघत, की त्या घरात चूल कोणाच्या हातात आहे. एकदा निम्मे पुस्तक वाचून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मास्तर, म्हस आटलीया असं दुसऱ्या पानावर लिवलंय. मग म्हाताऱ्याला दिल्यालं दूध आलं कुठनं? ज्यानं आणलं त्योच ह्यो." मी शेवटचे पान उघडून पाहिले. तोच होता.

त्या जैन घरातल्या. माहेर चिकोडीकडच्या एका खेड्यात, घरात सगळी कानडी. लग्न होऊन निपाणीत आल्या तेव्हा त्यांना मराठीचे अक्षरही येत नव्हते. सासरच्या घराला लागूनच तंबाखूची वखार होती, म्हणून साऱ्या गावाला त्या वखारीच्या आक्का. वखारीत तपकिरीच्या पुड्या बांधायला रद्दीचे गठ्ठे येत. त्या रद्दीतली पाने उचलून, दिराकडून एकेक अक्षर विचारून आक्का वाचायला शिकल्या. पण रद्दीतल्या गोष्टीला कधी सुरुवात नसे, कधी शेवट नसे. "फुडचं पान कुणाच्या तरी पुडीत गेल्यालं असायचं," त्या सांगत. "मग काय, शेवट माझा मीच लावलो. लावता लावता बरोबर याया लागला." आमच्याकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःविषयी बोलताना 'मी आलो, मी बगितलो' असेच म्हणत. 

मी वाचनालयाचा चिटणीस होतो. त्याशिवाय बेळगावच्या एका साप्ताहिकात पुस्तकांची परीक्षणे लिहीत असे, आणि त्याचे वाचकांच्या पत्रांचे पानही माझ्याकडेच होते. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी उन्हाने रस्ते ओस पडले, की आक्का डोक्यावरून पदर घेऊन मागच्या दाराने वाचनालयात येत. पुढच्या दालनात बायका बसत नसत. मागच्या खोलीत जुन्या मासिकांचे गठ्ठे होते, तिथे भिंतीला टेकून त्या दोन-अडीच तास वाचत आणि सूर्य कलायला लागला, की उठत. दिवेलागणीच्या आत त्यांचे जेवण व्हायचे असे. निघताना पुस्तकाविषयी एखादे वाक्य बोलत. त्या एका वाक्यावर मी पुष्कळदा माझे अख्खे परीक्षण उभे केलेले आहे. हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की मात्र त्यांचे येणे बंद होई. "आता म्हैनाभर मला फुरसत न्हाय," असे आदल्या शनिवारी सांगून जात. त्यांची नात रतन बेळगावहून येई. आक्कांना एकुलती एक मुलगी होती, पद्मा. ती बेळगावात खासबागेत दिली होती आणि रतन दोन वर्षांची असताना तापाने वारली, एवढे मला माहीत होते. जावयाने पुन्हा लग्न केले होते. तरी दर उन्हाळ्यात तो मुलीला आजोळी पाठवी, आणि लोक त्याला त्याबद्दल चांगला म्हणत. त्या महिन्यात आक्का रस्त्यात भेटल्या, तर हाताला धरून ती पोर असे. तिच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या असत, की भुवया वर ओढल्या जात. वर्षभराच्या वेण्या आक्का एका महिन्यात घालून घेत होत्या.

रतन नऊ वर्षांची असेल, त्या हिवाळ्यात ती कादंबरी आली. तिचे नाव मी इथे देत नाही. लेखक हयात नाहीत आणि त्यांचा दोष फारसा नाही. पुण्याकडचे नामांकित गृहस्थ होते. एका सुखवस्तू घरातली तरुण सून अचानक मरते. संशय प्रथम मोलकरणीवर जातो, मग विधवा आत्यावर, मग वैद्यावर, मग सासूवर. 'सात कलाटण्या!' असे जाहिरातीतच छापले होते. सातव्या कलाटणीला कळते, की बायकोची शुश्रूषा करणारा, तिला स्वतःच्या हाताने औषध पाजणारा, कधी आवाज न चढवणारा नवराच खुनी आहे. मेलेल्या सुनेच्या आईला शेवटच्या प्रकरणात मुलीच्या पेटीत एक पत्र सापडते आणि तिच्या पायांखालची जमीन सरकते. तिथे पुस्तक संपते.

त्या पुस्तकाने तेव्हा केवढी खळबळ उडवली! वाचनालयात त्याच्यासाठी तीस नावांची यादी लागली. एका मासिकाने लेखकाला डोक्यावर घेतले. दुसऱ्याने लिहिले, की कुलीन घरांत असले काही घडत नाही, ही विलायती पुस्तकांची लागण आहे. बेळगावात या कादंबरीवर सभा भरली. एका वकिलांनी सातही कलाटण्या पुराव्याच्या कायद्याने तपासल्या, एका प्राध्यापकांनी तिला करमणूक म्हणून हिणवले, आणि दोघांनाही टाळ्या पडल्या. मी साप्ताहिकात दोन रकाने परीक्षण लिहिले. सहा कलाटण्यांची तारीफ केली आणि सातवीवर घसरलो. 'असा मृदुभाषी, सुशिक्षित पती हे कृत्य करील, हे मनाला पटत नाही. वाचकाला धक्का देण्यासाठी लेखकाने स्वभावचित्रणाचा बळी दिला आहे,' असे माझे शब्द होते. मला ते फार आवडले होते.

त्या शनिवारी आक्का आल्या त्या अंक हातात घेऊनच. मागच्या खोलीत न जाता माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"हे तुमी लिवलासा?"

"होय. कसे वाटले?"

"नवरा पटत न्हाय म्हणालासा. का पटत न्हाय?"

मी स्वभावचित्रणाविषयी बोलू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आवाज चढवत न्हाय म्हणून पटत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मास्तर, नवऱ्याचं त्येनं बरोबर लिवलंय. चुकलंय ते आईचं."

"आईचे काय चुकले?"

"आईला पत्र कशाला लागतंय?" त्या म्हणाल्या. मग अंकाची घडी घालत म्हणाल्या, "आणि सात कलाटण्या म्हणं. कलाटणी वाचणाऱ्याला असती. घरातल्या बाईला कसली कलाटणी?"

मी खुर्चीतून उठलोच. इतक्या सभा झाल्या, इतके रकाने खरडले गेले, आणि असे कोणी बोलले नव्हते. "आक्का, हे लिहून द्या. मी छापतो," मी म्हणालो. त्या नको नको म्हणत राहिल्या. मी तीन शनिवार त्यांच्या मागे लागलो. चौथ्या शनिवारी त्यांनी पदराआडून एक कागद काढून दिला. "नाव नगं," त्या म्हणाल्या. "गाव बी नगं." मी शब्द दिला.

त्या पत्राचे शुद्धलेखन मी थोडे सुधारले, भाषा तशीच ठेवली. त्यातला मुख्य भाग असा होता: 'पुस्तक चांगलं हाय. पर आईचं चुकलंय. पेटी उघडली, पत्र घावलं, मग आईला कळालं असं लिवलंय. आईला पत्र लागत न्हाय. आई लेकीच्या घरात पाय ठेवती तवाच तिला कळतं. लेकीनं घातल्यालं सांडगं गच्चीवर वाळत असत्यात. त्यातला एक फोडून बगितला की लेक कवापतूर हिंडतफिरत हुती ते कळतं. आई गप बसती ती कळालं न्हाय म्हणून न्हवं. मागं लेकरू असतंय म्हणून. लेखकाच्या पुस्तकात आई शेवटच्या पानावर येती. खरं म्हणजे ती पयल्या पानापासनं हुती.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचले, बायकोला वाचून दाखवले. काय कल्पनाशक्ती आहे, असे मला वाटले. खरोखर तेवढेच वाटले. आणि बेळगावला पाठवताना मी खाली लिहिले, 'निपाणीच्या एक वाचक भगिनी'. आमच्या गावात असा वाचक आहे, हे बेळगावच्या प्राध्यापकांना कळावे, एवढाच मोह. नाव तर दिले नाही, मग गावाने काय होते, अशी मी मनाची समजूत घातली.

पत्र गाजले. इतर साप्ताहिकांनी ते उचलले. खुद्द लेखकांचे मला पत्र आले, की या भगिनींच्या सूचनेने आपण अंतर्मुख झालो असून पुढच्या आवृत्तीत शेवटच्या प्रकरणाचा फेरविचार करू. ते पत्र घेऊन मी शनिवारची वाट बघत बसलो. आक्का आल्या नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत. मग उन्हाळा लागला, आणि मला वाटले, रतन आली असेल.

मे महिना निम्मा सरला तेव्हा त्या आल्या. एकट्या.

"रतन नाही आली?" मी विचारले.

"न्हाय पाठवली," त्या म्हणाल्या. मागच्या खोलीत जाऊन नेहमीच्या जागी बसल्या. हातात पुस्तक नव्हते. मी दारात उभा राहिलो. तेव्हा त्यांनी मला सांगितले. सांगताना त्यांचा आवाज पुस्तकाविषयी बोलतानाचाच होता.

पद्मा दहा दिवस तापाने पडली होती, असे सासरच्यांनी सांगितले. कळवायला वेळ मिळाला नाही म्हणाले. आक्का सर्व्हिस मोटारने बेळगावला पोचल्या तेव्हा सगळे आटोपले होते. दोन वर्षांची रतन कोणाकडे राहिना, म्हणून तिला कडेवर घेऊन आक्का गच्चीवर गेल्या. तिथे धोतराच्या फडक्यावर मुगाचे सांडगे वाळत होते. "पद्मा डावरी," आक्का म्हणाल्या. "तिच्या सांडग्याचं टोक उलट्या अंगाला वळायचं. लांबनं वळकलो मी. एक उचलून फोडलो. वरनं कडक, आत वलं. त्या उन्हात सांडगं तीन दिसांत खडखडीत वाळतंय. धा दिस तापानं पडल्याली बाई परवा दिशी सांडगं घालती व्हय, मास्तर?"

मी दारातून आत येऊन गठ्ठ्यावर बसलो.

"काय झालं ते मला ठाव न्हाय. ताप न्हवता, एवढं ठाव हाय. खाली आलो. जावई हळू आवाजात पाव्हण्यांना च्या घ्या म्हणत हुता. माझ्या कडेवर रतन. बोललो असतो तर पुन्यांदा तोंड बघू दिलं नसतं तिचं. गप बसलो. सात वर्सं दर उन्हाळ्यात ती याया लागली. कागदावर लिवलं तर कुणाला कळतंय, असं मला वाटलं."

"पण जावयाला कळले कसे?" मी विचारले, आणि विचारतानाच मला उत्तर कळले.

"सांडग्यांचं नुस्तं असतं तर कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "घराघरात सांडगं असत्यात. खाली निपाणी हुती." माझ्याकडे न बघता त्यांनी हे सांगितले. आयुष्यात मला कोणी इतक्या हळू आवाजात दोष दिलेला नाही.

आक्का त्याआधी एकदा खासबागेत जाऊन आल्या होत्या. त्यांना बाहेरच्या सोप्यावर बसवले, पाणी दिले. जावई नम्रपणे म्हणाला, की रतन तिच्या नव्या आईच्या माहेरी गेली आहे, आणि यापुढे शाळेचा अभ्यास वाढल्यामुळे तिला पाठवता येणार नाही. घरातून पोरीचा आवाज येत होता, असे आक्का म्हणाल्या. पाढे म्हणत होती.

त्या आठवड्यात मी जेवलो की नाही, मला आठवत नाही. माझी बायको एवढेच म्हणाली, "तुम्हाला गाव कशाला घालायचं होतं हो?" शेवटी मी एक तोडगा काढला आणि शनिवारी आक्कांपुढे मांडला. साप्ताहिकात खुलासा छापायचा, की ते पत्र मीच रचलेले होते. निपाणीत अशी कोणी बाई नाही. सगळा खोटेपणा माझ्या अंगावर घ्यायचा. जावयाचा संशय फिटेल, रतन येईल.

 मला वाटले होते, त्यांना बरे वाटेल.

"म्हंजे पद्माचं म्या लिवल्यालं खोटं हुतं, असं छापायचं," त्या म्हणाल्या.

"फक्त छापण्यापुरते, आक्का."

"एकदा गप बसलो रतनसाठी. आता लिवल्यालं पुसायचं तिच्याचसाठी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. "छापा. पोर आली तर कुठलं बी छापा."

खुलासा छापला. 'वाचकांच्या मनोरंजनार्थ आम्हीच रचलेले, सर्वस्वी काल्पनिक पत्र' असे मी माझ्या सहीने लिहिले. बेळगावच्या प्राध्यापकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. वकिलांनी लिहिले, की आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, बाईमाणसाला इतका मुद्देसूद विचार सुचणे शक्य नव्हते. एक अंक मी स्वतः खासबागेत नेऊन दिला. जावयाने तो माझ्यासमोर वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बरं केलंत, मास्तर. च्या घेणार?" रतन त्या दिवाळीला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही आली नाही. मग कधीच आली नाही.

आक्का शनिवारी येत राहिल्या. वाचत, पण निघताना पुस्तकाविषयी काही बोलत नसत. माझी परीक्षणे त्यानंतर साधारण झाली, आणि ते ओळखणारी एकटी व्यक्ती गप्प होती. दोन वर्षांनी कादंबरीची दुसरी आवृत्ती आली. लेखकांनी शेवटचे प्रकरण खरोखरच बदलले होते. पेटीतले पत्र काढून टाकले होते, आणि आई गच्चीवर जाऊन सांडगे फोडून बघते, असे घातले होते. मासिकांनी त्या प्रसंगाचे भरभरून कौतुक केले. 'स्त्रीहृदयाचा इतका सूक्ष्म वेध मराठीत क्वचितच घेतला गेला असेल,' असे एकाने लिहिले. मी ते पुस्तक आक्कांपासून लपवून ठेवणार होतो. पण त्यांनी स्वतःच मागितले. मागच्या खोलीत बसून शेवटचे प्रकरण वाचले आणि मला परत आणून दिले.

"भर श्रावणात सांडगं घातल्यात ह्येनं," त्या म्हणाल्या. "सगळं कुजून जाईल की."

पुस्तकाविषयी त्या माझ्याशी शेवटचे बोलल्या ते हे. पुढे युद्धाच्या काळात कागद मिळेना आणि साप्ताहिक बंद पडले. आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. वाचता येईना, तेव्हा मी त्यांच्या सोप्यावर जाऊन वाचून दाखवीत असे. ऐकता ऐकता त्या मधेच विचारत, "बेळगावकडनं कोण आलतं काय?" मी नाही म्हणे. त्या म्हणत, "बरं. वाचा." एका थंडीत त्या दोन दिवसांच्या आजाराने गेल्या. खासबागेत तार केली होती. कोणी आले नाही.

स्वराज्य येण्याच्या थोडे आधीची गोष्ट. वाचनालयात मी एकटा होतो. अठरा-एकोणीस वर्षांची, नवे मंगळसूत्र घातलेली एक मुलगी पुढच्या दाराने सरळ आत आली. तिला मी ओळखले नाही. तिने स्वतःच सांगितले, की ती रतन, लग्न होऊन संकेश्वरला दिली आहे, आणि आजीच्या घरी जाऊन आली आहे. 

"आज्जीला मी नको झालो होतो, असं घरात सांगत," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होतो मी. पेटी भरून बसलो होतो. मला न्यायला का आली न्हाय ती? वखारीतल्या लोकांनी सांगितलं, मास्तरांना विचार."

मी तिला बस म्हणालो, ती बसली नाही. सगळे सांगितले. गच्ची, सांडगे, पत्र, मी घातलेले गावाचे नाव, मी छापलेला खुलासा. मग गठ्ठ्यातून दोन्ही अंक काढून दिले. तिने दोन्ही उभ्यानेच वाचले. पहिला वाचताना तिचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"ह्यातलं खरं कुठलं?" तिने विचारले.

"पहिले."

"पण छापलंय तर दुसरं. शेवटचं तेच हाय. लोकांना तेच ठाव असणार."

"होय."

"मग पुन्हा छापा की."

मी म्हणालो, की साप्ताहिक बंद पडले आहे, इतक्या वर्षांनी कोण वाचणार, तिच्या वडिलांचे नाव, तिचे सासर. ती ऐकत राहिली. मी थकून थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मागं लेकरू हाय म्हणून आज्जी गप बसली. ते लेकरू तुमच्यासमोर उभं हाय, मास्तर. आता कुणासाठी गप बसायचं?"

त्या दिवशी मी तिला शब्द दिला. तो पाळायला मला इतकी वर्षे लागली, याची लाज वाटते. ते पत्र मी रचलेले नव्हते. ते निपाणीच्या वखारीच्या आक्कांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खुलासा माझा होता. तो खोटा होता.